पाण्यापलीकडची शाळा आणि आम्ही अपडाऊनवाले

एका शाळेत नऊ वर्षं काढलेल्या बाईजवळ शाळेचे किस्से असायला हवेत. माझ्याजवळ आहेत ते शाळेपर्यंत पोचण्याचे. लग्नात कोणी भेटलं आणि विचारलं, कशी चालू आहे शाळा, की मी 'बरी आहे' म्हणते आणि पुढचा अर्धा तास रस्त्याबद्दल बोलते. नवरा म्हणतो, ही शिकवायला जाते की गाडी चालवायला? पण वर्गात काही घडलं तर त्याची नोंद वहीत होते, मग ते विसरलं तरी चालतं. रस्त्यात घडलेलं कुठं लिहायचं? ते पोटातच साठतं, आणि चार माणसं भेटली की बाहेर पडतं.

मी राहते सौंदडला. कोहमाऱ्याच्या चौकातून बस पकडायची, पाऊण तासानं एका फाट्यावर उतरायचं. तिथून शाळेचं गाव समोर दिसतं. शाळेचे पत्रे चमकताना दिसतात. मध्ये फक्त तलाव आहे, आणि तो एवढा मोठा आहे की पलीकडच्या काठावर उभं असलेलं माणूस बाई आहे की पुरुष ते कळत नाही. पलीकडे जायला दोन वाटा. तलावाला वळसा घालून जंगलातून अकरा किलोमीटर, आमच्या गणिताच्या पटले सरांच्या बाइकवर. नाहीतर देवाजीच्या डोंग्यातून पंचवीस मिनिटं. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. देवाजी त्यातून मासे धरतो आणि सकाळ-संध्याकाळ आम्हाला पलीकडे सोडतो.

साडेदहाला घंटा. फाट्यावर उतरलं की नजर घड्याळाला चिकटायची, ती हजेरीवर सही केली की सुटायची. दुपारी चारनंतर शेवटच्या बसच्या काळजीनं ती पुन्हा घड्याळाकडे जायची. आमच्या सगळ्यांचंच असं होतं.

०००

पहिल्या दिवशी मी ऑर्डरची फाइल छातीशी धरून फाट्यावर उभी होते. त्याच दिवशी हजर व्हायचं होतं, आणि तिथं ना ऑटो, ना माणूस. पावणेदहा होऊन गेले. मग एक बाइक आली, माझ्यापुढे वीस पावलं जाऊन थांबली आणि पायानं ढकलत मागे आली. हेल्मेट घातलेल्या गृहस्थांनी विचारलं, "हजर व्हायला?" मी मान हलवली. ते म्हणाले, बसा. हेच पटले सर. त्यांचं गाव फाट्याजवळच, त्यामुळे ते बसच्या भानगडीत पडत नाहीत.

अर्ध्या वाटेवर, दोन्हीकडे गच्च जंगल असताना, त्यांनी बाइक थांबवली आणि इंजिन बंद केलं. मी विचारलं, काय झालं सर? त्यांनी नुसता हात वर केला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. अनोळखी माणूस, निर्मनुष्य रस्ता. मी फाइलमधला पेन काढून मुठीत धरला. धावायचं झालं तर कोणत्या बाजूला धावायचं, तेही ठरवून टाकलं.

मग त्यांनी बाइक सुरू केली आणि आम्ही शाळेत पोचलो. साडेदहाला सात मिनिटं बाकी होती. सही झाल्यावर मी धीर करून विचारलं, की सर, मध्ये का थांबलो होतो?

"गवा होता," ते म्हणाले. "रस्त्यावर उभा होता, वळणापाशी."

मला सांगायचं नाही का, असं मी म्हटलं. त्यावर ते हजेरीपट उघडत म्हणाले, "याआधी दोन मॅडमना सांगितलं होतं. दोघीही तिथूनच परत गेल्या."

०००

दुसऱ्या वर्षी शहारे मॅडम आल्या. त्या गोंदिया शहरातल्या, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणाऱ्या, आणि पाण्याला इतक्या घाबरणाऱ्या की बादलीतसुद्धा वाकून बघत नसत. पटले सरांच्या मागे एकच जागा. ती कधी मला, कधी त्यांना. बाकीच्या दिवशी डोंगा.

पहिल्या दिवशी डोंग्यात पाय ठेवायच्या आधी त्यांनी देवाजीला विचारलं, "बाबा, आपको तैरना तो आता है ना?"

देवाजी वल्हं ठोकून बसवत होता. त्यानं मान वर केली नाही. "कायले?" तो म्हणाला. "डोंगा हाये ना."

त्या बसल्या खऱ्या, पण पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांनी नजर देवाजीच्या तोंडावर लावली. महिनाभरात त्यांनी एक शोध लावला. देवाजीच्या गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, असतो. खर्रा शांतपणे चघळणं चालू असलं की सगळं ठीक. मला त्या हळूच सांगायच्या, आज बरं आहे, चघळतायत. त्यांच्यामुळे मलाही ती सवय लागली. वारा सुटला, लाटा आपटायला लागल्या, की आम्ही दोघी देवाजीच्या गालाकडे बघत बसायचो.

सप्टेंबरमधल्या एका दिवशी तलावाच्या मधोमध जोराचा वारा आला. डोंगा आडवा व्हायला लागला. मी कडा धरली. आणि देवाजीनं खर्रा थुंकला.

शहारे मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्या रडायलाच लागल्या. माझीही मनातल्या मनात घरच्यांची नावं घेऊन झाली होती. देवाजीनं दोन-चार हात जोरात मारले, डोंगा सरळ केला आणि मग त्याला दिसलं की मॅडम रडत आहेत. त्यानं काऊन रडता म्हणून विचारलं. त्यांनी हुंदके देत सांगितलं की तुम्ही खर्रा थुंकला.

देवाजीनं खिशातली खर्र्याची रिकामी पुडी काढून दाखवली. मग तो म्हणाला, "सपला होता, मॅडम."

०००

शाळेच्या गावात मोबाइलला रेंज नाही. रेंज येते ती तलावात, पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या झाडाच्या आसपास. त्यामुळे तालुक्याला ऑनलाइन माहिती पाठवायची असली की आमचे मेश्राम सर, म्हणजे मुख्याध्यापक, देवाजीला हाक मारायचे. ते गावातच राहतात. डोंगा झाडाला बांधायचा, सर मांडीवर फाइल घेऊन फोनवर आकडे भरायचे.

मेश्राम सर तसे धीराचे, पण साहेबांचा फोन आला की गडबडतात. एकदा माहिती भरता भरताच फोन वाजला. तालुक्याचे साहेब. मीही डोंग्यात होते. साहेबांनी विचारलं, कुठे आहात?

सर खोटं बोलणारे नाहीत. ते म्हणाले, "साहेब, तलावात आहे."

पलीकडून साहेब खूश झाल्याचं मलाही ऐकू आलं. "तालुक्यात आहात? मग फार छान झालं. दहा मिनिटांत ऑफिसला या, मीटिंग सुरू होते आहे."

सर 'साहेब, साहेब' करेपर्यंत फोन कटला. परत लावला तर लागेना. तालुका तिथून तीस किलोमीटर. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते देवाजीला म्हणाले, फाट्याकडे घे. फाट्यावरून ते एका ट्रॅक्टरवर बसले, पुढे ट्रकमध्ये, आणि मीटिंग संपताना पोचले. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं की तालुक्यात असूनही तुम्हाला यायला दीड तास लागतो.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, की सर, तुम्ही साहेबांना खरं काय ते का सांगितलं नाही?

"सांगणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, शाळेच्या वेळात तलावात काय करत होते, असं विचारलं तर?"

०००

संध्याकाळची शेवटची बस पावणेसहाला फाट्यावर यायची. ती चुकली तर तिथं काहीच नाही. त्यामुळे डोंग्यातून उतरल्यावर मी आणि शहारे मॅडम चपला हातात घेऊन पळायचो. कंडक्टर तोच असायचा, एक जाडजूड, कोणाशी न बोलणारा माणूस. तिकीट देताना तोंडाकडेही बघायचा नाही. आम्ही पळत आलो तरी त्याच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. शहारे मॅडम म्हणायच्या, ये आदमी एक दिन हमको छोड़ के जाएगा.

एक दिवस त्या रजेवर होत्या. मी एकटीच आले आणि बसले. बस हलेना. पाच मिनिटं झाली. मला घरी जाऊन सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं, नंबर लावून ठेवला होता. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं झाली. लोक कुरकुर करायला लागले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. कंडक्टर दारात उभा राहून तलावाकडे बघत होता. शेवटी एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले, की गाडी बिघडली असेल तर तसं सांगा तरी!

मग तो माझ्याकडे वळला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"मॅडम, तुमच्या त्या दुसऱ्या मॅडम लय वेळ लावून राहिल्या आज."

मी सांगितलं की त्या आज आल्याच नाहीत. सगळी बस माझ्याकडे बघत होती. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली, आणि कोहमाऱ्यापर्यंत पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

०००

ऑगस्टमधला हा एक किस्सा मी सहसा सांगत नाही, पण आज निघालंच आहे तर सांगते.

चार दिवसांची पावसाची झड लागलेली. दुपारी दोनच्या सुमारास मेश्राम सरांकडे निरोप आला. गावातल्या एका मच्छीमाराचा नंबर मी घरी देऊन ठेवला होता; वारा वाढायच्या आधी तो झाडापाशी जाळं काढायला गेला, तेव्हा माझ्या सासूबाईंचा फोन त्याला लागला होता. माझी मुलगी, चिनू, तेव्हा पाच वर्षांची. तिला ताप चढून झटके आले होते आणि शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं होतं. नवरा कामानिमित्त नागपूरला. निरोप एवढाच. पुढे काय झालं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी धावत काठावर गेले. देवाजी डोंगा उलटा करून त्याच्या आडोशाला बसला होता. तलाव पार उसळत होता, पलीकडचा काठ पावसात दिसत नव्हता. मी म्हटलं, चला. तो नाही म्हणाला. मी हात जोडले, रडले, त्याला नाही ते बोलले. तू माणूस आहेस की दगड, असंसुद्धा बोलले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुमची पोरगी हाये म्हणून तुम्ही म्हणून राहिल्या. मी नेलं अन् बुडवलं, त तिले कोन पाहील?"

मागून बाइकचा आवाज आला. पटले सरांनी वर्ग सोडून बाइक काढली होती. मी बसले. जंगलातल्या रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं, गुडघ्याच्या वर. सर उतरले, काठी घेऊन आधी एकटे पलीकडे जाऊन आले, पाय ठरतो का बघायला. मग आम्ही दोघांनी बाइक ढकलत पार केली. मला भीती वाटली ती सरांच्या पुटपुटण्याची. घाबरले की ते पोवारीत पुटपुटतात, घरच्या बोलीत, आणि ते सगळा रस्ता पुटपुटत होते. फाट्यावर बस नव्हती. ते थांबलेच नाहीत. कोहमाऱ्यापर्यंत ट्रकच्या मागे, चिखल उडत, वळणांवर बाइक हलकीशी घसरत, तसेच गेले. मला वाटत होतं, हे जरा जास्तच वेगानं नेत आहेत. पण मला तेच हवं होतं.

दवाखान्यात चिनू कॉटवर बसून बिस्किट खात होती. मी दारात उभी राहिले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आई, तू एवढी ओली काऊन?"

सर बाहेर बाकावर बसून होते. मुलगी बरी आहे म्हटल्यावर ते उठले. मी म्हटलं, अंधार पडेल, जपून जा. ते म्हणाले, आता बाइक इथंच ठेवतो, बसनं जातो. मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून कळलं. रपट्यानंतर बाइकचे ब्रेक लागतच नव्हते.

०००

आता हा जानेवारीतला. शनिवार, सकाळची शाळा. मेश्राम सर प्रशिक्षणासाठी गोंदियाला गेलेले, म्हणजे शाळा आम्हा तिघांवर होती. बस धुक्यात रांगत फाट्यावर आली तेव्हाच उशीर झाला होता. काठावर बघते तर पटले सर हेल्मेट हातात घेऊन उभे. रस्ता दिसत नाही, म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी डोंग्यात पाय ठेवला नव्हता. पोहता येत नाही, हे त्यांनी आम्हाला तेव्हाच सांगितलं. ते मधोमध बसले आणि दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरल्या.

दहा मिनिटांत दोन्ही काठ गेले. वर पांढरं, खाली पांढरं. देवाजी एरवी गालावरच्या वाऱ्यावरून दिशा ओळखतो. त्या दिवशी वारा नव्हता. अचानक खालून खर्रकन आवाज आला. पाण्याखालच्या खुंटावर डोंगा घासला होता, आणि तळाच्या फटीतून पाणी यायला लागलं. देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा फटीत कोंबला. शहारे मॅडमनी डबा उघडला, भाजी तलावात ओतली आणि त्याच डब्यानं पाणी उपसायला लागल्या. त्या रडल्या नाहीत.

मग देवाजीनं वल्हं थांबवलं. मी विचारलं, काऊन थांबले?

"कोनीकडे जाऊ?" तो म्हणाला.

एका अंगाला कालव्याचं गेट होतं, उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, उघडलेलं; तिकडच्या ओढीत सापडलो तर डोंगा गेटात जाणार. देवाजी पाण्यात तळहात धरून ओढ कळते का बघत होता. त्यानं लांबवर हाका मारल्या. उत्तर आलं नाही. पटले सरांचं पुटपुटणंसुद्धा बंद झालं होतं. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं.

तेव्हा ऐकू आलं. फार बारीक. बे एके बे, बे दुणे चार.

आमची पोरं होती. शाळेसमोरच्या पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहून पाढे म्हणत होती, सगळी मिळून. देवाजीनं वल्हं मारायला सुरुवात केली. पण धुक्यात आवाजाला बाजूच नव्हती. कधी वाटायचं समोर आहेत, कधी मागे. दोन पाढ्यांच्या मध्ये ती दम घ्यायची तेव्हा देवाजी थांबायचा आणि आम्हीही श्वास धरायचो. नऊचा झाला, बाराचा झाला, पंधराचा झाला. शहारे मॅडमचे हात लाल झाले होते. मी माझा डबा घेऊन उपसायला लागले.

सतराचा सुरू झाला. सतरा सक एकशे दोन. सतरा साती एकशे सतरा.

पटले सरांनी मान वर केली.

पोरं पुढे गेलीच नाहीत. पुन्हा तेच म्हणाली, सगळी, एका सुरात. सतरा साती एकशे सतरा. परत. आणि परत.

सर उभे राहिले. डोंगा हेलकावला, देवाजी ओरडला की खाली बसा, पण ते बसले नाहीत. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा जीव काढून ओरडले, "एकोणीस! एकशे एकोणीस!"

पाळीवर एकदम शांतता झाली. मग पळणाऱ्या पायांचा आवाज आला, आणि डावीकडून, अगदी जवळून, एका मुलीची हाक आली, "सर, इकडे!" मागोमाग घंटेचा टोल सुरू झाला. कोणीतरी घंटाच उचलून आणली होती. देवाजीनं डोंगा वळवला.

गुडघाभर पाण्यात सर बुटांसकट उतरले, पाळ चढून वर गेले आणि पोरांसमोर उभे राहिले. आम्ही मागून पोचलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, एकशे सतरा कोण म्हणालं?

सगळ्यांच्या माना खाली. मग मॉनिटर पुढे आली. आदल्याच दिवशी तिनं सरांना तीसपर्यंतचे पाढे न चुकता म्हणून दाखवले होते.

"सगळेच म्हटलो, सर."

"काऊन?"

ती हात मागे बांधून उभी राहिली. "बाइकचा आवाज नाही आला, सर. मंग तुम्ही डोंग्यातच असान. चुकीचं म्हटलं त तुम्ही बोलानच, अन् डोंगा कोनीकडे हाये ते समजन, असं वाटलं."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या पँटमधून पाणी गळत होतं.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले. "सतरापासून."